गोबी दिसत नाही म्हणून दगड उचलू नका

दगड काढू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण आज संध्याकाळी टाकीत हात घालायचा बेत असेल तर तो आधी रद्द करा.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर घर, खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी, सुक्या (म्हणजे समुद्रातून जिवंत न आणलेल्या) दगडांवर उभी करून दहा आठवडे झालेले, मागे टांगलेला फिल्टर. क्लाउनफिशची एक जोडी आधीपासून आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने जेमतेम दोन सेंटिमीटरची, लाल पट्ट्यांची पिग्मी गोबी, हा चिमुकला समुद्री मासा, मागवली. पाण्यात सोडताच ती दगडाच्या फटीत शिरली आणि पाच दिवस झाले तरी दिसलेली नाही. एप्रिल चालू आहे, पाणी दुपारी ३१ अंशांपर्यंत जातं, खायला फ्लेक्स (सुक्या खाण्याचे पातळ पापुद्रे) घालता. ती मेली का, क्लाउनने खाल्ली का, मेली असेल तर पाणी नासेल का, आणि दगड काढून बघायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात बारा वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतेय, त्यातली सात वर्षं या ट्रिम्मा गटातल्या गोबी आहेत. त्यांच्या हिशेबात पाच दिवस म्हणजे काहीच नाही. माझ्याकडची सगळ्यात लाजरी अकराव्या दिवशी पहिल्यांदा दिसली, तीही अर्धं डोकं. तेव्हा ती गेली असं धरून चालू नका.

पाणी नासण्याची भीती तर मनातून काढूनच टाका. एवढ्याशा माशाचं वजन पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. तुमची टाकी २४ × १२ × १२ इंचांची धरली तर काठोकाठ ५६ लिटर. दगड आणि वाळू वजा जाता ४५ लिटर पाणी. एवढ्या पाण्यात तो मासा पूर्ण सडला तरी अमोनिया लिटरमागे एक-दोन दशांश मिलिग्रॅम चढेल, आणि दहा आठवडे मुरलेल्या टाकीतले जिवाणू तेवढा पटकन पचवतात. उलट सगळे दगड उपसले तर वाळूतून जो गाळ उसळेल तो जास्त घातक. क्लाउनने गिळली असण्याचीही शक्यता फार कमी. चार-पाच सेंटिमीटरच्या क्लाउनचं तोंड पाण्यात तरंगणारं बारीकसारीक टिपायला घडलेलं असतं. क्लाउनचा त्रास वेगळा आहे, त्याकडे येतेच.

दगड न हलवता बघायच्या जागा आहेत, त्या आधी बघा. पहिली जागा फिल्टरचा डबा. झाकण काढा, स्पंज अलगद उचला, कोपऱ्यात विजेरी मारा. एवढा मासा शोषनळीच्या जाळीतून सहज आत जातो आणि बहुतेक वेळा जिवंत असतो. माझी एक गोबी नऊ दिवस फिल्टरच्या डब्यात राहिली होती. तिथे तिला छळणारं कुणी नव्हतं आणि पाण्याबरोबर खाणं आयतं येत होतं, त्यामुळे सापडली तेव्हा पोट चांगलं गोल होतं. ती तिथे सापडो वा न सापडो, शोषनळीच्या तोंडाला आजच्या आज स्पंज बसवा. दुसरी जागा टाकीमागची फरशी. स्टँडच्या मागे आणि खाली बघा, आणि मासा दिसला नाही तरी मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघा. सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढा मासा तासाभरात वाळून काडी होतो, केराबरोबर निघून गेला तरी कळत नाही; मुंग्यांना मात्र कळतं.

तिसरी जागा म्हणजे फटच, पण बघायची वेळ आणि नजर बदलायला हवी. ही गोबी रात्री फिरणारी नाही, दिवसा जागी असते. म्हणून सकाळी टाकीचा दिवा लागायच्या अर्धा तास आधी, खोलीत नुकतं उजाडलेलं असताना, समोर बसा. विजेरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबरबँडने बांधा. लाल उजेडाला मासे फारसे दचकत नाहीत. आणि फटीच्या तळाशी नव्हे, छताकडे बघा. आपण सगळे माणसाच्या सवयीने खाली शोधतो. ट्रिम्मातल्या कितीतरी प्रजाती कपारीच्या छताला पोट लावून उलट्या बसतात, आणि तसं बसणं हीच त्यांची सरळ बैठक असते. लाल पट्टा शोधू नका, डोळा शोधा. शरीराच्या मानाने डोळा मोठा असतो, आणि अंधाऱ्या कपारीत पट्ट्यांआधी त्याची कड चमकते.

ती इतकी का दडते हे एकदा समजलं की तुमचा जीव थोडा थाऱ्यावर येईल. कोकणात चिखलावर उड्या मारणारी निवटी आपल्याला माहीत असते. ही तिच्याच गणातली, पण प्रवाळावरची आणि नखाएवढी. ट्रिम्मा गटात शंभराहून जास्त प्रजाती आहेत आणि बहुतेक दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा चिमुकल्या, दडून राहणाऱ्या माशांवरचा एक अभ्यास आला. प्रवाळभित्तीवर माशांचं जेवढं मांस खाल्लं जातं, त्यातला जवळपास ६० टक्के वाटा या माशांचा, असं त्यात निघालं. म्हणजे भित्तीवरचा जो तो यांना खाऊन जगतो. आयुष्यही तसंच धावतं. हिच्या जवळची इव्हिओटा सिजिलाटा ही गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगते, असं २००५ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या माशांवरून सिद्ध झालं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढं लहान आयुष्य तोवर नोंदलं गेलं नव्हतं. ट्रिम्मा बेंजामिनी १४० दिवसांच्या आसपास. घरच्या टाकीत, खाणारं कुणी नसताना, त्या जास्त काढतात. माझ्याकडची एक चौदा महिने होती. पण तुमच्या टाकीत पुढ्यात पोहणारे दोन क्लाउन तिला खाणार नाहीत, हे तिला कुठून कळावं? तिच्या दृष्टीने ते तिच्या कितीतरी पट मोठे आहेत आणि दिवसभर दारासमोर येरझाऱ्या घालताहेत.

दगड काढू नका हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी पहिली ट्रिम्मा मीच मारली. सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. तीन दगड नीट काढले, चौथा ओल्या हातातून निसटला आणि अर्धा इंच सरकला. मासा काही दिसला नाही म्हणून सगळं होतं तसं परत रचलं. रात्री गाळ बसल्यावर काचेला डोळा लावला तेव्हा त्या चौथ्या दगडाच्या कडेखाली ती होती. रंग अजून ताजा होता. मी शोधत होते तेव्हा ती जिवंत होती, आणि दगड सरकला तसा धोका आला म्हणून आणखी आत दडली. या माशांचं असंच असतं: हात आत आला की ते बाहेर पळत नाहीत, खोल जातात.

आता खरी काळजी करायची ती गोष्ट. तुमची गोबी दडली म्हणून मरणार नाही, उपाशी राहून मरू शकते. म्हणून शोधत बसण्यापेक्षा ती जिथे शिरली त्या फटीच्या तोंडाशी खाणं पोचवा.

फ्लेक्स तिच्या कामाचे नाहीत. तिचं तोंड खसखशीच्या दोन दाण्यांएवढं. फ्लेक चुरून घातला तरी तो वरच तरंगतो, तिथे क्लाउन संपवतात, आणि खाली येतो तो चिंधीसारखा, निर्जीव. ही गोबी हलणारं भक्ष्य टिपते. कपारीच्या तोंडाशी बसून समोरून वाहत जाणारा एखादा कण डोळ्याने धरते, दोन बोटं पुढे झेपावते, टिपते आणि शेपटी न वळवता तशीच मागे सरकून जागेवर येते. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. सुक्या दगडांची दहा आठवड्यांची टाकी माणसाला मुरलेली वाटते, पण तिच्यात कोपेपॉड म्हणजे दगडावर रांगणारे सूक्ष्म कवचधारी जवळजवळ नसतात, कारण ते कुठून यायलाच नाहीत. त्यामुळे फटीत ‘काहीतरी मिळत असेल’ असं धरू नका.

आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जीवाची, सुकी अंडी आणा आणि आज रात्रीच लावा. लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगा, लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम टाकीचं मीठ (समुद्री टाक्यांसाठी मिळतं ते), पाव चमचा अंडी, आणि तळापर्यंत हवेची नळी. आपल्याकडे या दिवसांत हीटर लागत नाही. मी संध्याकाळी लावते, दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लं तयार असतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि बाटलीच्या खालच्या बाजूला विजेरी धरा. पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, नारिंगी ढग जमतो. रिकामी टरफलं वर तरंगतात. तो ढगच नळीने खेचा. टरफलं अजिबात येऊ देऊ नका, एवढ्याशा आतड्यात ती अडकतात. जुन्या सुती रुमालातून गाळा, आरओच्या पाण्याने एकदा धुवा. नुकतं फुटलेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतं, म्हणजे तिच्या तोंडाला नेमकं. त्याच्या पोटात अंड्यातला बलक असतो तोवरच त्यात दम. दिवस उलटला की बलक संपतो आणि मासा नुसतं पाणी गिळल्यासारखं होतं. उरलेली पिल्लं वाटीत थोड्या खाऱ्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली तर ती मंदावतात आणि बलक जरा जास्त टिकतो, पण दुसऱ्या दिवसासाठी नवी बाटली लावणंच बरं.

भरवायची पद्धत महत्त्वाची आहे. दहा मिलिलिटरची सिरिंज, तिला फूटभर कडक नळी. आधी क्लाउनना टाकीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं खाणं द्या आणि ते तिकडे गुंतले की फिल्टर बंद करा. मग नळी फटीपासून दोन इंचांवर आणा आणि सिरिंज इतकी हळू दाबा की पिल्लांचा ढग फटीसमोर नुसता लोंबेल. फटीत जोराने फवारा मारू नका. पाच मिनिटं हलू नका, मग फिल्टर चालू. असं दिवसातून तीन वेळा, रोज त्याच वेळी. ‘रोज त्याच वेळी’ याला मी फार मानते. माझ्या त्या अकराव्या दिवशी दिसलेल्या गोबीला सातव्या दिवसापासून मी सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला असं भरवत होते. अकराव्या दिवशी संध्याकाळी सहाला नळी पाण्यात शिरली, मी अजून सिरिंज दाबलीही नव्हती, आणि कपारीच्या वरच्या कडेवर दोन डोळे आले. नळीची सावली तिने ओळखली होती.

यापुढे टाकीत कोपेपॉडची जिवंत बाटली दोन-तीनदा सोडा. पुण्या-मुंबईच्या छंदिष्टांकडे आणि दुकानांत टिस्बे किंवा टिग्रिओपस या जातींचे कोपेपॉड मिळतात. एका कोपऱ्यात बोटभर दगडांच्या खड्यांचा ढीग करा, त्यात कोपेपॉड वाढतात आणि क्लाउनची तोंडं पोचत नाहीत. कुणी म्हणेल समुद्रातला जिवंत दगड (ज्यात बारीक जीव वसलेले असतात तो) आणा, सगळं एकदम मिळेल. आणू नका. तो दगड म्हणजे बहुतेक प्रवाळाचाच सांगाडा असतो आणि खडे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिवाय त्यातून येणारा एखादा खेकडा तुमची गोबी एका रात्रीत संपवेल. तुम्ही सुके दगड घेतले हे उत्तम केलंत.

दुसरी मोठी गोष्ट उन्हाळा. ३१ अंश तिला जास्त आहे. पाणी तापलं की शरीर जास्त जळतं, भूक वाढते, आणि त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सहाच्या किंचित वर. मोठ्या माशाच्या अंगावर चरबी असते, दोन दिवस उपास निभतो. हिच्यापाशी तसं काही नाही. म्हणून गरम पाणी आणि फ्लेक्स हे दोन्ही एकत्र म्हणजे उपासमार दुप्पट वेगाने. २६-२७ वर आणा, २८ च्या वर जाऊ देऊ नका.

त्यासाठी लगेच महागडा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यायची गरज नाही, कारण आपण सोलापुरात राहतो. मुंबईचे छंदिष्ट सांगतात की पंख्याने काही होत नाही. त्यांचं त्यांच्या जागी खरं आहे. आपला माठ आठवा. एप्रिल-मेमध्ये तो जेवढा गार होतो तेवढा मुंबईच्या दमट हवेत होत नाही. पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जातं: एक लिटर पाणी उडालं की सुमारे २,४०० किलोज्यूल जातात, आणि तुमच्या ४५ लिटरचं तापमान एक अंशाने उतरवायला दोनशेसुद्धा लागत नाहीत. बाहेरून उष्णता येतच असते, त्यामुळे पूर्ण हिशेब जमत नाही, पण कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे पृष्ठभागावर तिरके लावले की माझ्या टाकीचं पाणी खोलीपेक्षा चांगलं सात-आठ अंश खाली राहतं. त्याच खोलीत घरचा कूलर लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा. कूलर हवेत ओल भरतो आणि हवा कोंडली की टाकीचा पंखा थकतो. जून उजाडून हवा दमट झाली की पंख्याचा जोर कमी होतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. टाकीचा दिवा दुपारी बंद, सकाळी आणि रात्री चालू. दुसऱ्या मजल्यावर, वर स्लॅब असेल तर तो मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो, म्हणून पंखे रात्री बाराला बंद करू नका. बर्फ थेट पाण्यात नको. तापमान झपकन खाली आलं की त्याचाही मासा धसका घेतोच.

पंख्याबरोबर एक जबाबदारी येते. कडक उन्हाळ्यात माझ्या टाकीचं दिवसाला दोन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. तुमच्या ४५ लिटरमधले दोन उडाले तर ३५ ची सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, लिटरमागे ग्रॅममध्ये) ३६.६ होते, आणि तीन दिवस दुर्लक्ष केलं तर ४० ला टेकते. काचेवर स्केचपेनने पातळीची रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ साधं आरओचं पाणी घालून त्या रेघेला आणा, खारं नव्हे.

आरओचं म्हणताना एक गोष्ट तपासा. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आपल्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं चालतं, आणि बोअरचं पाणी जड. ते मिसळलेलं पाणी रोज दोन लिटर घातलं तर दोन महिन्यांत नको ते सगळं टाकीत साचतं आणि मग शेवाळ उठतं. मेंब्रेननंतर लगेच निघणारी नळी तंत्रज्ञाकडून वेगळी काढून घ्या, तिला डीआयची (उरलेले क्षार काढणारी) छोटी बाटली जोडा, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य यायला हवं. नळाला पाणी आलं त्या दिवशी निळे ड्रम भरून ठेवा.

तुमच्याच प्रश्नात बाजारचं खडं मीठ चालेल का असंही होतं. चालणार नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम आधी जिप्सम होऊन खाली बसतं, नंतर मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात उरून टाकलं जातं. हातात येतो तो निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि ४०० च्या वर कॅल्शियम असतं. टाकीचं मीठच घ्या.

झाकण. उन्हाळ्यात काच ठेवली तर पाणी तापतं, उघडं ठेवलं तर गोबी उडी मारते. बाजारात पक्षी-माशांसाठी मिळणारी सहा मिलिमीटरची जाळी हिला पुरत नाही, ती तिच्यातून आरपार जाते. खिडकीच्या डासांच्या जाळीची चौकट करून घ्या. वारा जातो, मासा जात नाही.

क्लाउनबद्दल. ती जोडी तिला खाणार नाही, पण अंडी घालायला लागली की एका कोपऱ्याची मालकी सांगेल आणि त्या कोपऱ्यात तिला राहू देणार नाही. ती फट क्लाउनच्या जागेपासून फूटभर तरी लांब असेल तर निभतं. यापुढे मात्र डॅमसेल, सिक्सलाइन रास, डॉटीबॅक, हॉकफिश, पट्टेरी कोरल बँडेड झिंगा, हिरवा ब्रिटल स्टार यातलं, म्हणजे तिला छळणारं किंवा खाणारं, काही आणू नका. गोगलगायी चालतील, सेक्सी श्रिंप हे बुटके झिंगे चालतील.

हादऱ्यांकडेही लक्ष द्या. माझं आधीचं घर साखर पेठेत होतं, भिंतीपलीकडे यंत्रमाग. आम्हाला त्या खडखडाटाची इतकी सवय की ऐकूच यायचा नाही. गोबी मात्र माग बंद असायचे त्याच दिवशी बाहेर यायची. हे लक्षात यायला मला चार महिने लागले. टाकी समोरच्या भिंतीला नेली, स्टँडच्या पायांखाली रबर आणि टाकीखाली इंचभर थर्माकोल घातला, तेव्हा आठवड्यात फरक पडला. तुमच्याकडे माग नसेल, पण त्याच भिंतीला वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर किंवा धाडकन लागणारं दार असेल तर बघा. पहिले काही दिवस टाकीच्या तीन बाजूंना टॉवेल टांगून ठेवा, फक्त समोरची बाजू मोकळी.

पिशवीबद्दल थोडं. तुम्ही तिला दोन तास थेंब-थेंब पाणी घालत सवय लावली असं लिहिलंत. हेतू चांगला होता, पण रात्रभर प्रवास केलेल्या पिशवीला ते मारक ठरू शकतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो आणि त्यामुळे तिथला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो, मासा त्यातच दोन तास बसतो. दुकानदाराला सॅलिनिटी आधी विचारा. पुष्कळ दुकानं ती मुद्दाम कमी ठेवतात. वेगळ्या डब्यात तेवढीच सॅलिनिटी तयार ठेवा, बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, उघडल्यावर मासा लगेच त्या डब्यात, आणि मग डब्याचं पाणी एक-दोन दिवसांत तुमच्या टाकीच्या पाण्यापर्यंत न्या. झालं ते झालं. पहिले दोन-तीन दिवस ती निपचित पडून राहिली असेल तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

परजीवींवरचं तांब्याचं औषध ‘खबरदारी म्हणून’ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एवढ्या अंगाला त्याची मात्रा नेमकी साधत नाही, आणि दगडात मुरलेलं तांबं पुढे झिंग्या-गोगलगायींना जगू देत नाही.

मी तुम्हाला तीन आठवडे मागते. रोज तीन वेळा त्या फटीसमोर पिल्लांचा ढग, पाणी २८ च्या खाली, आणि हात बाहेर. या तीन आठवड्यांत ती दिसली की पोट बघा: कल्ल्यांच्या मागे फुगीर आणि किंचित नारिंगी झाक असेल तर ती खातेय. खपाटीला गेलेलं असेल तर भरवणं पाच वेळांवर न्या. दिसलीच नाही, तरी त्याच आठवड्यात दुसरी मागवू नका. क्लाउन आता तमिळनाडूतल्या मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्राच्या कामाच्या जोरावर हॅचरीत वाढतात, या गोबी मात्र बहुतेक समुद्रातूनच धरलेल्या येतात, आणि मे महिन्याच्या गाडीत पिशवी भट्टी होते.

ती दिसली आणि सावरली, तर नोव्हेंबरात, ऑक्टोबरची उष्मा ओसरल्यावर, तिच्याच प्रजातीच्या आणखी दोन आणा, दोन्ही एकाच दिवशी. नर-मादी ओळखायच्या भानगडीत पडू नका. ट्रिम्मा ओकिनावीसारख्या प्रजाती गरजेप्रमाणे मादीच्या नर आणि नराच्या परत मादीही होतात. जोडीचं त्यांचं त्या बघून घेतात. तिघी असल्या की लाजही निम्मी होते, कारण एक बाहेर बसलेली दिसली की दुसरीला बाहेर धोका नाही हे कळतं. त्या येण्याआधी कोपऱ्यातला खड्यांचा ढीग आणि कोपेपॉड तयार असू द्या, आणि दुकानदाराला सॅलिनिटी विचारायला विसरू नका.